दगडाखाली काही ठेवायचं नाही

ट्रक दुपारी येणार होता, आणि देस्किट उजाडल्यापासून मोजत होती.

मोजण्यासारखं तसं फार नव्हतं. वर्षातून आठ वेळा मुक्काम हलवणाऱ्या घरात माणूस वस्तू विचार करूनच जमवतो. प्रत्येक वस्तूला कुणाची तरी पाठ लागते, याकची नाहीतर स्वतःची. तरी काळं पाल उतरवून सगळा संसार उन्हात मांडला, तेव्हा लुंगमारच्या त्या उघड्या माळावर तो उगाच पुष्कळ दिसायला लागला. देस्किटनं त्याचे दोन ढीग केले होते. एक ट्रकचा, एक शेजारच्या स्पाल्झेसचा. तिसरा ढीग नव्हता.

तिसरा ढीग म्हणजे दगडाखालचा. हिवाळ्याच्या मुक्कामाला प्रत्येक घराचं एक दगडी वाडगं असतं, शेळ्या कोंडायला. उन्हाळ्यात वर चरायला जाताना जड सामान वाडग्याच्या कोपऱ्यात ठेवायचं, वर दगड रचायचे आणि निघून जायचं. कुलूप नाही, राखण नाही. सहा महिन्यांनी यावं तर सुईसुद्धा जागच्या जागी. आणि जोवर एखाद्या घराची एक जरी वस्तू दगडाखाली आहे, तोवर ती जागा त्या घराची. दुसरं कुणी तिथं पाल ठोकत नाही, चूल मांडत नाही. घर परत येणार आहे, एवढाच त्याचा अर्थ. कुठं लिहिलेलं नाही, पण लुंगमारला ते कुणी मोडल्याचं ऐकिवात नाही.

"या वेळी दगडाखाली काही ठेवायचं नाही," देस्किटनं नवऱ्याला, छोस्फेलला, उन्हाळ्यापासून बजावलं होतं. "चमचा नाही, चिंधी नाही. जायचं तर समूळ जायचं."

छोस्फेल प्रत्येक वेळी मान हलवायचा आणि गालातल्या गालात हसायचा. ते हसूच तिला खुपत होतं.

कारण तीन वर्षांपूर्वीही असाच ट्रक आला होता. लेहमध्ये तिच्या बहिणीच्या शेजारी खोली घेतली, सामान लावलं. म्हातारे सासरे तेवढे शेळ्या घेऊन वरच्या कुरणावर मागे थांबले. महिन्याभरात छोस्फेल म्हणाला, "चहाची लाकडी घुसळण तिकडेच राहिली, घेऊन येतो." गेला तो गेलाच. लोसरचा सण आला नि गेला. माणूस नाही, निरोप नाही. शेवटी तीन वर्षांच्या कुन्झेसला पाठीशी बांधून देस्किट मिळेल त्या ट्रकनं लुंगमारला आली, नवऱ्याला ओढून न्यायला. मग बर्फानं रस्ता बंद झाला, मग शेळ्या व्यायल्या, मग वर चरायला जायचे दिवस आले. ती राहिलीच. गेल्या हिवाळ्यात आठ दिवस बर्फ पडलं आणि साठ शेळ्या उभ्या उभ्या गोठल्या. कुन्झेस सहा वर्षांची झाली तरी तिनं फळा पाहिला नव्हता.

या वेळी उरलेल्या शेळ्या विकल्या होत्या, पोरीचं नाव शाळेत घातलं होतं, सासरेही बरोबर येणार होते. मागे काही राहिलं की माणूस परत ओढला जातो, हे देस्किट एकदा शिकली होती. तोच धडा दुसऱ्यांदा गिरवायची तिची तयारी नव्हती.

"कुन्झेस, मेखा मोज."

पाल स्पाल्झेसच्या घराला द्यायचं ठरलं होतं. याकच्या केसांचं पाल शहरात नेऊन करायचं काय, तिथं भिंती असतात. पालाबरोबर त्याच्या तीस मेखा, रानमेंढ्याच्या शिंगाच्या, तीन पिढ्यांच्या हातांनी गुळगुळीत केलेल्या. जिथं झाड उगवत नाही तिथं मेख ही जपायची वस्तू.

कुन्झेस उकिडवी बसून एकेक मेख बाजूला ठेवू लागली. आकडे तिला आजोबांनी शिकवले होते, मेमे उर्ग्यननी. लेंड्या, खडे, जपमाळेचे मणी, हाताशी येईल ते घेऊन म्हातारा नातीला पुढ्यात बसवायचा. चुकली तर रागवायचा नाही, म्हणायचा, "पुन्हा पहिल्यापासून. पहिल्यापासून यायला काही लाजायचं नसतं."

"सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस. झालं."

"आणि तीस?"

"तीस मेमेंनी नाही शिकवलं. ते म्हणाले, तीस शाळेत शिकवतात."

मेमे दूर दगडाला टेकून माळ ओढत बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही. देस्किटनं स्वतः मोजलं. एकोणतीसच भरल्या.

"तीस ठरल्या होत्या हं," मागून आवाज आला. स्पाल्झेस सकाळपासून चौथ्यांदा आली होती. देस्किटपेक्षा दहा वर्षांनी मोठी, म्हणून देस्किट तिला आचे म्हणायची, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. ऐसपैस चोगा, कमरेला पट्टा, आणि पट्ट्याच्या वर चोग्याची खोळ नेहमी फुगलेली. त्या खोळीत काय काय असतं ते तिचं तिलाही माहीत नसे.

"असेल इथंच कुठं आचे. सामानाखाली."

"सामानाखाली का दगडाखाली?"

"दगडाखाली काही नाही."

"मागच्या वेळीही हेच ऐकलं होतं," स्पाल्झेस म्हणाली. "आमचं पाल इथं अर्धं उभं झालं होतं, आणि तुझा नवरा दात काढत आला. म्हणे आमचं ठेवणं आहे. अर्धं उभं पाल उतरवून पुन्हा वाऱ्याच्या तोंडी जाऊन बसलो आम्ही. त्या हिवाळ्यापासून माझ्या नवऱ्याचे गुडघे वाजतात. चालला की ऐक, डमरू."

"मग माझ्या नवऱ्याला विचार ना. मी ठेवलं होतं का?"

"कोण जाणे बाई. कुठं नवरा ठेवतो नि बायको रडते, कुठं बायको ठेवते नि नवरा हसतो. पाहणाऱ्याला काय कळणार?"

एवढं बोलून ती आपल्या ढिगातलं जातं उचलून बघायला लागली. देस्किटची नजर तिच्या खोळीवरून हलेना. मेख एक वीत लांबीची असते. खोळीत अशा दहा मावतील. पण आपल्यालाच मिळणारी मेख आपणच चोरून मग कमी भरली म्हणून ओरडायचं कशाला? एकतिसावी हवी असेल, देस्किटनं स्वतःला समजावलं. संशय एकदा घरात शिरला की त्याला बसायला पाट आपणच देतो.

उन्हं वर आली. पाल नसलं तरी चूल जागच्या जागी होती, तीन दगडांची, आणि शेवटचा चहा त्याच चुलीवर व्हायचा होता. मीठ-लोणी घालून चहा घुसळून झाला. देस्किटनं भांड्यांच्या पोत्यात हात घातला आणि तिचा हात आतच थांबला. ओगराळं नव्हतं.

पोतं उपडं केलं. वाट्या, परात, चाळणी. ओगराळं नाही.

घरात घुसळण कुणाचीही असते, जातं कुणाचंही असतं. ओगराळं बाईचं असतं. ते पितळी ओगराळं सासूनं जाताना देस्किटच्या हातात दिलं होतं. ज्या बाईच्या हाती ओगराळं, तिची चूल. दुसरं काही दगडाखाली राहिलं तर विसरलं असेल असंही म्हणता येतं, पण बाईनं आपलं ओगराळं ठेवलं तर तो तिचा शब्द झाला: मी परत येतेय.

आणि ते असंच हरवायची ही दुसरी खेप होती. मागच्या वेळी लेहला सामान सोडलं तेव्हाही ते निघालं नव्हतं. देस्किटनं ट्रकवाल्याच्या सात पिढ्या उद्धरल्या होत्या. आणि परत आली तर ओगराळं पालाच्या खांबाला टांगलेलं. "कुठं होतं हे?" तिनं विचारलं होतं. "ठेवलं होतंस तिथंच," छोस्फेल म्हणाला होता, गालातल्या गालात हसत. आपण इथल्याच सामानात टाकून विसरलो म्हणून तो चिडवतोय, असं तिला वाटलं होतं.

"आचे," देस्किट सरळ स्पाल्झेसपुढं जाऊन उभी राहिली. "माझं ओगराळं पाहिलंस?"

"तू माझ्या तोंडाकडे बघून विचारतेस का खोळीकडे?"

स्पाल्झेसनं पट्टा सोडला आणि चोगा झटकला. तपकिरीची डबी, लोकरीचे दोन गुंडे, वाळवलेल्या चीजचा, छुरपीचा, चावून ठेवलेला तुकडा, दोरा ओवलेली दाभणं, आणि कुणाचा तरी एक लहानसा मोजा.

"हा मोजा माझ्या कुन्झेसचा आहे."

"रस्त्यात पडला होता, द्यायलाच आणलाय," स्पाल्झेस जराही न शरमता म्हणाली. मग पट्टा पुन्हा आवळता आवळता तिनं हनुवटीनं छोस्फेलकडे दाखवलं. "माझ्या खोळीत हुडकण्यापेक्षा त्याच्या बोटांत हुडक."

छोस्फेल गाठोडी दोरीनं बांधत होता. शीळ घालत. आज घर सोडणारा माणूस शीळ कसली घालतो? देस्किट जवळून गेली आणि तिनं पाहिलं. त्याच्या उजव्या हाताच्या बोटांच्या टोकांना तांबूस भुकटी लागली होती.

ती वाडग्याकडे वळली.

लुंगमारच्या दगडांवर दगडफूल येतं, तांबडं, पातळ, दगडाला लेपासारखं चिकटलेलं. त्याला वाढायला वर्षं लागतात आणि ते उन्हाच्या बाजूलाच वाढतं. न हललेला दगड आपली तांबडी बाजू आकाशाकडे धरून बसतो. घाईनं उचलून ठेवलेला दगड मात्र बरेचदा उलटा बसतो, फिकट पोट वर करून. हे तिथली शेंबडी पोरंही ओळखतात.

उत्तरेच्या कोपऱ्यात तीन दगड फिकट होते.

देस्किटनं ते एकेक करून बाजूला केले. खाली छोस्फेलचा जुना मफलर होता, आणि मफलरात ओगराळं.

तिला राग यायला हवा होता. आधी आला तो थकवा. म्हणजे पुन्हा तेच. पुन्हा महिन्याभरात काहीतरी आणायला म्हणून निघेल, पुन्हा ती पोरीला पाठीशी बांधून मागं येईल, पुन्हा बर्फ. मग राग आला, आणि ती ओगराळं काठीसारखं धरून नवऱ्यापुढं उभी राहिली.

"हे काय?"

छोस्फेलनं वर पाहिलं. घाबरायचं सोडून तो इकडेतिकडे बघून हलक्या आवाजात म्हणाला, "काढलंस कशाला? ठेव परत. स्पाल्झेस बघेल."

"बघू दे. तू ठेवलंस?"

"मग कोण ठेवणार? सकाळपासून तुला सवड कुठं होती. म्हटलं विसरलीस. तुझ्या वतीनं मीच ठेवलं."

"माझ्या वतीनं?"

"मागच्या वेळी तू ठेवलं होतंस ना, तसं."

चुलीवरचा चहा उतू गेला. कुणी उठलं नाही.

"मी ठेवलं होतं?" देस्किट म्हणाली.

"नाहीतर काय? घुसळण घ्यायला आलो, दगड काढले, तर वर तुझं ओगराळं. तोंडानं लेह लेह करत होतीस, पण शब्द इथं ठेवून गेली होतीस. मी म्हटलं, बाईमाणसाला स्वतःहून बोलवत नसेल. मग कशाला जातो? थांबलो तुझी वाट बघत. आणि आलीस की तू."

"मी तुला न्यायला आले होते."

"आता सांगतेस?"

"तीन वर्षं सांगतेय. सगळ्या वस्तीला सांगतेय की तू मला ओढून आणलंस."

"ते ऐकत होतो की," छोस्फेल म्हणाला. "वाटलं, शहरात टिकली नाही असं लोक म्हणतील याची लाज वाटते, म्हणून माझ्यावर घालतेयस. घाल म्हटलं. नवऱ्याचं डोकं कशासाठी असतं?"

देस्किटनं त्याच्याकडे निरखून पाहिलं. खोटं बोलताना छोस्फेल कान खाजवतो. दोन्ही हात दोरीवरच होते.

"आणि तू?" तिनं विचारलं. "तुला कुठं राहायचं होतं?"

हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता, हे त्याच्या तोंडावर दिसलं. "मला?" तो म्हणाला. "लेहला महिनाभर माझी पाठ दुखली नव्हती. तेवढंच आठवतं मला."

"मी ओगराळं ठेवलं नव्हतं, छोस्फेल."

"मग?"

त्या वर्षी पालात माणसं होती चार. त्यातलं एक तीन वर्षांचं होतं. दोघांनीही मान वळवली.

मेमेंच्या हातातली माळ थांबली होती.

"मेमे," देस्किट म्हणाली, "तीन वर्षांमागं माझं ओगराळं दगडाखाली कुणी ठेवलं?"

म्हाताऱ्यानं आधी तिच्याकडे पाहिलं, मग कुन्झेसकडे. "बाळ, जा बघू, याकच्या मागं खेळ."

कुन्झेस गेली नाही. मेमेंनी माळ मनगटाला गुंडाळली.

"हिला मी सांगतो, विचारलं त्याचं उत्तर द्यावं," ते म्हणाले. "आता हिच्यासमोर मी काय करू? मी ठेवलं. ट्रक भरत होता तेव्हा पोत्यातून काढलं."

"का?"

"वाटलं, एक हिवाळा जागा आपली राहावी. एक हिवाळा काढून आपला आपण परत येईल मुलगा, तू येशील. मला मोजायला शेळ्या होत्या पोरी, बोलायला कुणी नव्हतं. पुढं तू आलीस, राहिलीस. मग सांगायचं राहून गेलं. रोज राहून गेलं."

"साठ शेळ्या गेल्या, मेमे."

"माहीत आहे. मीच मोजल्या."

"हिची तीन वर्षं गेली."

मेमेंनी नातीकडे पाहिलं. जेवढी येत होती तेवढी विद्या त्यांनी त्या पोरीला दिली होती, आणि ती पुरेशी नाही हेही त्यांना माहीत असावं.

"म्हणजे माझ्या नवऱ्याचे गुडघे मेमेंनी खाल्ले तर," स्पाल्झेस म्हणाली. ती कधीची येऊन उभी होती. "ते राहू दे. मला एवढंच सांगा, आम्ही पाल ठोकायचं की नाही? आज तोंडानं सांगा. भांड्यांनी सांगू नका."

सगळे देस्किटच्या हाताकडे बघत होते. ओगराळं अजून तिच्याच हातात होतं.

ती चुलीपाशी गेली, उरलेल्या चहाखालचा जाळ सारला आणि त्याच ओगराळ्यानं सगळ्यांना चहा वाढला. स्पाल्झेसला पहिल्यांदा, मेमेंना शेवटी. मग ओगराळं चोग्याला पुसलं आणि सगळ्यांना दिसेल असं आपल्या कंबरपट्ट्यात खोवलं.

"हे माझ्याबरोबर चाललंय," ती म्हणाली. "मी परत येणार नाही. पाल ठोका, आचे."

स्पाल्झेसनं चहा संपवला, कुठूनतरी आपलं काळं पडलेलं लोखंडी ओगराळं काढलं आणि चुलीच्या दगडावर ठेवलं. ते मघाशी खोळीतून पडलं नव्हतं, हे देस्किटच्या लक्षात आलं. ते बहुधा बाहीत होतं.

ट्रकची धूळ दिसायला लागली. छोस्फेल गाठोडी रस्त्याकडे ओढू लागला. मेमे उठले, चोगा सावरला आणि चालू लागले.

"थांबा, मेमे."

ते थांबले.

"चोगा झटका."

छोस्फेल म्हणाला, "अगं, वडील माणूस..."

"झटका, मेमे."

वस्तीदेखत म्हाताऱ्यानं पट्टा सोडला. सत्तूची पुरचुंडी, तपकीर, मण्यांचा तुटका सर, आणि खडूसारखा पांढरा एक दगड, ज्यानं ते पाटीसारख्या सपाट दगडावर आकडे काढून दाखवायचे. बाकी काही नाही. देस्किटनं पुरचुंडीही दाबून पाहिली. मग तिची नजर खाली गेली. मेमे डावा पाय जरा आखडून टाकत होते, आणि ते सकाळपासून फारसे उठलेही नव्हते.

"बूट."

मेमेंनी सुस्कारा सोडला, खाली बसले आणि डावा बूट ओढून काढला. आतून रानमेंढ्याच्या शिंगाची मेख घरंगळली.

"तीस," कुन्झेस मोठ्यानं म्हणाली.

"शाळेत शिकवतात ना तीस?" देस्किटनं विचारलं. पोरगी आजोबांच्या मागं सरकली.

"ही मात्र कराराप्रमाणे माझी," स्पाल्झेस म्हणाली. तिनं वाकून मेख उचलली, नाकाजवळ नेली आणि परत खाली ठेवली. "राहू दे. एकोणतीसवर उभं राहील पाल. या मेखेनं पाल नाही, याक आडवा होईल."

देस्किट हसली नाही. ती मेमेंच्या समोर उकिडवी बसली. "खरं सांगा. ही ठेवायची होती का न्यायची होती?"

"न्यायची," मेमे म्हणाले. "तिथं भिंती आहेत म्हणतेस. एका भिंतीत ठोकीन. टोपी अडकवायला."

तिनं त्यांच्या कानांकडे पाहिलं, हातांकडे पाहिलं. मुलगा बापासारखाच होता. कान खाजवायची खोड इथूनच आली होती. मेमेंचे हात गुडघ्यांवर होते. तिनं मेख उचलून त्यांच्या हातात दिली.

"न्यायला मी कधी नाही म्हटलं नव्हतं," ती म्हणाली. "ओगराळ्याचं आज बोलत नाही. लेहला गेल्यावर बोलेन, पुष्कळ बोलेन. पुढं बसा, ड्रायव्हरशेजारी. पाय लांब करता येतील."

सामान चढलं. कुन्झेस आजोबांच्या मांडीवर बसली, देस्किट आणि छोस्फेल मागं गाठोड्यांवर. ट्रक हलला तसं मागचं सगळं दिसायला लागलं: स्पाल्झेसचा नवरा गुडघे वाजवत मेखा वाटत होता, काळं पाल हळूहळू उठत होतं, आणि वाडग्याच्या उत्तरेच्या कोपऱ्यात तीन दगड फिकट पोट वर करून पडले होते. त्यांच्याखाली आता काही नव्हतं.

तरी देस्किटनं नवऱ्याचे दोन्ही हात ओढून उन्हात धरले आणि बोटांची टोकं बघितली. स्वच्छ होती.

"धुतलेत," छोस्फेल म्हणाला.

"कधी धुतलेस?"